नर्सबाईनं काढलेली तारीख

किस्से काही गोळा करावे लागत नाहीत. मी दवाखान्याचा ओटा रोज सकाळी झाडायचो आणि संध्याकाळपर्यंत त्या ओट्यावर दोन-चार किस्से पडलेलेच असायचे. केर टोपल्यात भरून उकिरड्यावर नेला, किस्से मात्र फेकता आले नाहीत. आता वय झालं, दात गेले, तरी ते जागच्या जागी आहेत. कोणी जवळ येऊन बसलं की एकामागून एक निघतात. मी सांगतो हळू, तेवढं चालवून घ्या.

दवाखाना म्हणजे दोन खोल्या, पुढं ओटा, आणि ओट्यावर सावली धरणारा निंब. जानेफळचा बाजार बैलगाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. महाराष्ट्र होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. आमचा जिल्हा आधी एका राज्यात, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या, म्हणून दवाखान्याची पाटी तीनदा रंगवली. आतला खोकला तोच!

डॉक्टर मंगळवारी आणि शुक्रवारी यायचे. बाकीचे दिवस दवाखाना म्हणजे मालतीबाई नर्स आणि मी शिपाई, किसन. बाई सातारकडच्या. बाईमाणसाला दिवस गेले की नाही ते सांगायचं, आणि गेले असले तर बाळंतपणाची तारीख काढून कार्डावर लिहून द्यायची, हे त्यांचं मुख्य काम. आणि गावाला नेमकी हीच गोष्ट पटत नव्हती.

"लेकरू देव देते, मंग तारीख ही कोन देनार?" लोक विचारायचे.

बाई येऊन सहा महिने झाले नाहीत तोच त्यांच्या बदलीचा अर्ज लिहून तयार झाला. फक्त अंगठे उठायचे राहिले होते. बाईची एक तारीख ठळक चुकली की अंगठे उठणार, असं गावात बोललं जायचं. बाईंना ते माहीत होतं. त्यांचे वडील वारलेले, पाठीवर दोन भाऊ शिकत होते. नोकरीला डाग लागून चालणार नव्हतं.

*

पहिलं भांडण दोन दिवसांवरून झालं.

बाई शेवटच्या पाळीचा पहिला दिवस धरायच्या, त्यात नऊ महिने मिळवायच्या आणि वर सात दिवस. हे एक दिवस श्रीपतबुढ्यानं ऐकलं. हा बुढा कधी आजारी पडायचा नाही, पण दवाखान्यात रोज यायचा. कोण कशासाठी आलं ते पाहायला.

"सात?" बुढा उठून उभा राहिला. "नऊ महिने नऊ दिवस असते बाई! माह्या मायनं मले नऊ महिने नऊ दिवस वागवलं. साऱ्या दुनियेच्या मायनं तसंच वागवलं."

"आजोबा, पाळीपासून मोजलं की नऊ महिने सात दिवस. आम्हाला तसं शिकवलंय."

"मंग दोन दिवस गेले कुठी?"

बाईंनी समजावलं. बुढ्यानं ऐकून घेतलं, काठी उचलली आणि गावात गेला. दुपारपर्यंत गावभर झालं की सरकार दर लेकरामागं दोन दिवस कापून राह्यलं.

पारावर एक जण म्हणे, "रेशनवर साखर कमी देते, ते समजू. पर पोटातले दिवस?"

आता गंमत पाहा. त्याच महिन्यात बाईंच्या कार्डावरची पहिली बाई बाळंत झाली. बरोबर नऊ महिने नऊ दिवसांनी! तारखेच्या पुढंमागं चार-आठ दिवस चालतात, पण ऐकतो कोण? सकाळी मी ओटा झाडायला गेलो तर बुढा माझ्या आधी येऊन बसलेला.

"काय बाई," म्हणे, "भेटले का दोन दिवस?"

*

'शेवटची पाळी कधी आली?' हा प्रश्न बाईंना फार सोपा वाटायचा. नवीन होत्या.

एक पोरगी आली. तिला बाईंनी विचारलं.

"तांबडी गाय व्याली ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी."

"तांबडी गाय कधी व्याली?"

"आमच्या बुढ्याले इच्चू चावला त्या हप्त्यात."

"विंचू कधी चावला?"

"गाय व्याली तव्हा!"

बाईंनी लेखणी खाली ठेवली. "किसनभाऊ, गाय कोणाची ते विचारून तेवढी तारीख काढून आणता का?"

मी गेलो. गाय पोरीच्या चुलतसासऱ्याची. तो गोठ्याच्या दारात आडवा उभा राहिला. "गायीची तारीख दवाखान्याले काऊन पायजे?"

"लिहाची हाये."

"कुठी लिहाची? आज गाय लिहान, उद्या गोठा लिहान!" त्यानं मला खालून वर पाहिलं आणि म्हणे, "गाय व्यालीच नाई. जाय."

त्याच्या मागं वासरू गाईला लुचत होतं. चांगलं आवाज करून लुचत होतं. तो मागं पाहीना, मी वासरावरून नजर काढीना. थोडा वेळ आम्ही चौघं तसेच उभे राहिलो.

परत येऊन बाईंना सांगितलं, "बाई, गाय काही व्याली नाही. पर वासरू दीड महिन्याचं आहे."

बाईंनी तेच धरून तारीख काढली.

*

बाईंजवळ लाकडाचा एक लहान भोंगा होता. एक तोंड पोटावर ठेवायचं, दुसऱ्याला कान लावायचा, की आतल्या लेकराच्या काळजाचे ठोके ऐकू येतात. ठोके आले म्हणजे शंका मिटली. पण गावाला भोंग्याचीच शंका!

"ते आयकते का सांगते?" एकानं काढलं. झालं. बाई नळीतून लेकराच्या कानात काहीतरी सांगते, असा वहीम धरला.

"पाहजा," दुसरा म्हणे, "एक-एक पोट्टं सातारकडचं बोलत जन्माले येईन!"

शेवटी एक सासू, राधाबाई, हट्टाला पेटली. सुनेच्या पोटाला लावलेल्या भोंग्याला मीच कान लावून पाहणार. बाई म्हणाल्या, पाहा. राधाबाईनं पदर सावरला, कान टेकवला आणि डोळे मोठे केले.

"अव माय! हे त घोड्यावानी पळून राह्यलं!"

"लहान जिवाचे ठोके आपल्या दुप्पट पडतात," बाई म्हणाल्या.

राधाबाई सरळ झाली. तिनं दारातून बाहेर पाहिलं. निंबाखाली तिचा नवरा झोपला होता. त्याच्या पायाशी मुलगा झोपला होता. बैल बसल्या जागी पेंगत होते.

"बाई, अजून एक डाव नीट पाहा," ती हळूच म्हणे. "इतकी घाई आमच्या खानदानात कोनालेच नाई."

*

पाटलाच्या सुनेला सात वर्षं मूल नव्हतं. एकदा तिचा महिना चुकला आणि पाटलाला धीर धरवेना. बाई म्हणाल्या, हाताला कळायला अजून दीड महिना लागेल. तर डॉक्टरांनी तोड काढली. सकाळची लघवी बाटलीत भरून शहरच्या मोठ्या दवाखान्यात पाठवायची. तिथं ती बेडकाला टोचतात आणि दिवस आहेत की नाही ते त्याच दिवशी कळतं.

श्रीपतबुढा म्हणे, "बेडूक पाण्याचं सांगते ते खरं. पर तेही दोन दिवस आंधी. नऊ महिन्याचं त्याले काय समजते?"

तरी बाटली भरली, बूच लावलं, फडक्यात बांधली, आणि मी एसटी स्टँडवर येऊन उभा राहिलो. आता, ते दिवस दारूबंदीचे. माणूस बाटली छातीशी धरून उभा, आणि बाटली हलू नये म्हणून दर घडीला तिच्याकडे पाहतो. हवालदार थेट माझ्याकडे आला.

"काय हाये बे त्याच्यात?"

"साहेब, पाटलाच्या सुनेची लघवी."

"कुठी नेऊन राह्यला?"

"बेडकाकडं."

त्यानं टोपी मागं सारली. "आजलोक लय आयकलं," म्हणे. "कोनी गोमूत्र म्हनते, कोनी काढा म्हनते. बेडूक पयल्यांदा आयकला!"

त्यानं बूच काढून वास घेतला. समाधान झालं नाही. करंगळी आत बुडवली. मी म्हटलं, "साहेब, नका!" त्यामुळं तर त्याचा वहीम जास्तच वाढला. डॉक्टरांची चिठ्ठी माझ्या आतल्या खिशात होती, पण मी हळू माणूस. चिठ्ठी बाहेर येईपर्यंत करंगळी जिभेला लागली होती.

मग त्यानं चिठ्ठी वाचली. दोन वेळा वाचली. बूच स्वतःच्या हातानं लावून दिलं आणि स्टँडच्या नळाकडे गेला.

चार दिवसांनी पाटलाच्या घरी पेढे वाटले. एक पेढा मी मुद्दाम त्याच्यासाठी नेला. "साहेब, बेडूक हो म्हणाला!"

त्यानं पेढा घेतला नाही.

*

तपासायच्या खोलीला दार नव्हतं, गोणपाटाचा पडदा होता. पडद्याला कान नसतात, पण पडद्याबाहेर बसलेल्या शिपायाला असतात. म्हणून हे सांगता येतं.

गोदाबाईचं घर चौदा माणसांचं. तिची सून शांती. शांतीचं पोट फुगलं म्हणून गोदाबाई तिला घेऊन आली. म्हणे, पाणी भरलं असेल.

बाईंनी हात लावला आणि म्हणाल्या, "पाच महिने झालेत हिला."

"कायचे पाच?" गोदाबाई कडाडली. "मांगच्याच महिन्यात तीन दिवस बाजूले बसली. त्याच्या आंधीच्या महिन्यात बी बसली. मीच वरून भाकर टाकली तिले! दर महिन्याले बसते ते पोट्टी, आन् तुमी पाच महिने सांगून राह्यल्या? आन रे तो अर्ज!"

बाई घाबरल्या. मला पडद्याआडून कळत होतं, त्यांना आपल्याच हाताचा संशय यायला लागला होता. त्यांनी भोंगा लावला. ठोके चांगले पडत होते. मग त्यांनी गोदाबाईला बाहेर निंबाखाली बसवलं आणि शांतीला हळूच विचारलं, "खरं सांग. बसतेस का दर महिन्याला?"

शांतीनं आधी नाक ओढलं. मग म्हणे, "बसते. काई होत नाई, तरी बसते."

"का?"

"चौदा मानसाच्या भाकरी, बाई. महिन्याले तेवढे तीनच दिवस पाठ टेकाले भेटते. दिवस गेले म्हनून सांगतलं असतं त तेही गेले असते."

आत भोंगा खाली ठेवल्याचा आवाज आला.

"मग आता मी बाहेर काय सांगू?" बाईंनी विचारलं.

"तुमी आजच काई सांगू नका ना, बाई. पुढच्या महिन्यात तूर काढनं हाये, तव्हाही तीन दिवस बसाले भेटन. तेवढं होऊ द्या!"

बाई बाहेर आल्या आणि गोदाबाईला म्हणाल्या, "दिवस आहेत, पक्के आहेत. कधीकधी असं फसवं दिसतं. आता बाळंत होईपर्यंत महिन्यातून निदान तीन दिवस हिनं कामाला हात लावायचा नाही. हे मी कार्डावर लिहून देते."

गोदाबाईनं कपाळाला हात लावला. "घ्या! मंग आतालोक काय करून राह्यली होती ते?"

*

तुळसाबाईची गोष्ट सांगावी की नाही, असं मला अजून वाटतं. पण ती जाऊन बरीच वर्षं झाली, राग धरणार नाही.

तिनं आपल्या सुनेला आणलं. लग्नाला दोन वर्षं झाली, कूस उजवत नाही, काय ते पाहा. बाईंनी सुनेला तपासलं. काही नव्हतं. पण बाईंचं लक्ष सारखं तुळसाबाईकडे जात होतं. ती आल्यापासून दोनदा निंबाखाली जाऊन ओकून आली होती.

"जरा तुम्ही पण आत या," बाई म्हणाल्या.

"माह्यं काय पाहता? माह्यं वय गेलं. चार महिने झाले, महिन्याची पायी बी बंद झाली."

"या तर खरं."

पडदा पडला. थोड्या वेळानं आतून तुळसाबाईचा आवाज आला. नेहमीपेक्षा लहान.

"सुनेले काईच नाई?"

"तिला अजून नाही."

"आन् मले हाये?"

"तुम्हाला आहे. चार महिने."

आत बांगड्या वाजल्या. मग तुळसाबाई म्हणे, "बाई, कार्डावर सुनेचंच नाव लिहा."

"असं कसं लिहू? अजून दोन महिन्यांनी पोट कोणाचं दिसेल?"

"दोन महिन्याचं दोन महिन्यानं पाहू. आजच्यापुरतं त घरी जाऊ द्या!"

बाहेर आली तेव्हा तिनं डोक्यावरून पदर पार नाकापर्यंत ओढला होता. मी गाडीला बैल जुंपून दिले. सून आधी चढली, वळून सासूला हात दिला आणि म्हणे, "सावकाश, आत्याबाई. पाय जपून."

*

आता कौशीचं सांगतो.

अनसाबाई म्हणजे आमच्या गावातली वजनदार बाई. तिचा तीन मुलींच्या पाठीवरचा एकुलता एक मुलगा पुंजाजी. पुंजाजीचं लग्न जेठात झालं, अमडापूरच्या अलीकडच्या एका गावची कौसल्या सून आणली. लग्नात विहिणीचा मान नीट झाला नाही, लुगडं हलकं दिलं, म्हणून अनसाबाईचं मांडवातच बिनसलं. आखाड लागला तशी कौशी रीतीप्रमाणं माहेरी गेली, आणि रागात अनसाबाईनं तिला आणायलाच पाठवलं नाही. ती आली एकदम दसऱ्याला. दिवाळी झाली. कार्तिकातली पुनव गेली आणि कौशीला ओकाऱ्या नाहीत, काही नाही, पण लुगड्याची गाठ बसेना. तेव्हा अनसाबाई तिला घेऊन दवाखान्यात आली.

बाईंनी तपासलं. "साडेचार महिने," म्हणाल्या.

अनसाबाई हसली. तिचं हसणं मला आवडलं नाही.

"दसऱ्याले माह्या घरी आली. आज सवा महिना. आखाडाच्या तोंडाले माह्या घरून गेली तव्हा बाजूले बसून, न्हाऊन गेली, म्या माह्या डोयानं पाह्यलं. आता मोजा, बाई. साडेचार महिने कोनाच्या घरचे?"

कौशी पडद्याला धरून उभी होती. अठरा वर्षांची असेल.

"उद्या सकायी येतो," अनसाबाई म्हणे. "मी गिरजामायले घेऊन येतो. तुमचं खोटं निघालं त अर्जावर पयला अंगठा माहा. खरं निघालं त हे पोट्टी इथूनच गाडीत बसून बापाच्या घरी जाईन. मंग तिचं तिनं पाहावं."

ती गेल्यावर मी बाईंना म्हटलं, "बाई, सवा महिना लिहून टाका ना. तुमचंही राहील, पोरीचंही राहील. पुढचं पुढं."

"पोटाला हात लावून लिहायचं, किसनभाऊ. तोंड पाहून नाही. आज सवा लिहिला तर बाळ सहाव्या महिन्यातच जन्माला आलं म्हणून तेव्हा तिचा गळा धरतील."

खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मलाही पोरीचा संशय आला होता.

दुसऱ्या दिवशी गाडी आली. गाडीत कौशीची पेटी आधीच ठेवलेली. धुरेवर पुंजाजी, नजर बैलांच्या शिंगांत. मागं अनसाबाई, कौशी आणि गावची सुईण गिरजामाय. गिरजामायचं आणि बाईंचं वर्षभर बोलणं नव्हतं. बाई आल्यापासून तिला बोलावणारी घरं अर्धी झाली होती. अनसाबाईनं म्हणूनच तिला आणली होती.

गिरजामायनं आत जाऊन पोरीच्या पोटावर तेलाचा हात फिरवला. डोळे मिटले. बोटं मोजली.

"साडेचार," ती म्हणे.

"काय?"

"साडेचार. चार पोरं झाली तुले माह्या हातावर, अनसा. कधी चुकली का मी?"

अनसाबाईनं एकीकडून दुसरीकडे पाहिलं. "अस्सं! दोघी मियाल्या!"

"आमच्या दोघींचं जगात एवढं एकच जुळलं," गिरजामाय म्हणे, आणि ओट्यावर जाऊन पान लावायला लागली.

बाईंनी पुन्हा कार्ड घेतलं. कौशीला जवळ बसवलं. "शेवटची पाळी कधी आली होती? घाबरू नको, मला दिवस सांग."

कौशी पहिल्यांदा बोलली. "धोंड्याचा महिना लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी."

त्या साली श्रावणाच्या आधी धोंडा आला होता. बाईंनी बोटांवर मोजलं. "बरोबर साडेचार." मग अनसाबाईला विचारलं, "धोंड्याच्या महिन्यात पुंजाजी कुठं होते?"

"कुठी राहीन? घरी! त्यायच्याकडून आलं होतं बोलावनं धोंडे जेवाले. म्या साफ सांगतलं पुंज्याले, त्यायच्या दारचं पानी पेशील त माहं मेलं तोंड पाहशील. नाई गेला माहा लेक. सोन्यासारखा हाये!"

"एक दिवसही घराबाहेर गेले नाहीत?"

"तीन दिवस अमडापूरच्या बाजाराकडं बैल पाह्याले गेल्ता. काई जमलं नाई, रिकामा आला."

बाईंनी कार्ड खाली ठेवलं. त्यांना त्यात काही वावगं दिसलं नाही, त्यांचं बैलाशी काय काम? गिरजामायनं पान तोंडात घातलं होतं. मी पाणी भरत होतो. मला एखादी गोष्ट लवकर सुचत नाही. घागर भरली, खाली ठेवली, वर झाकण ठेवलं, तेव्हा मनात आलं ते सहज बोलून गेलो.

"अनसाबाई, धोंड्यात बैल कोन घेते व?"

अनसाबाईनं माझ्याकडे पाहिलं. मग वळून गाडीकडे पाहिलं. धोंड्याच्या महिन्यात कोणी सुईदोरासुद्धा मुहूर्तानं घेत नाही, हे तिला मी सांगायची गरज नव्हती.

"पुंज्या! खाली उतर!"

पुंजाजी उतरला. चांगला सहा फुटाचा गडी, पण ओट्यापर्यंत यायला त्याला माझ्यापेक्षा जास्त वेळ लागला.

"गेल्ता कुठी?"

"तथीच, माय."

"तथी कुठी?"

"सासरी."

"तीन दिवस?"

"ते सोडतच नव्हते."

"आन् हे पोट्टी कालपासून माह्या शिव्या खाऊन राह्यली, पेटी गाडीत पडली, तरी तुह्या तोंडाले कुलूप?" मग ती कौशीकडे वळली. "आन् तू काऊन बोलली नाई?"

"ह्यायनं गळ्याची आन घातली होती," कौशी म्हणे. "म्हने, मीच सांगतो सवडीनं."

अनसाबाई ओट्यावर बसली. एकदम म्हातारी दिसली. मग पुंजाजीला विचारलं, "जेवला?"

"हाव."

"धोंडे?"

"हाव."

"पुरनाचे?"

"पुरनाचेच."

तिनं डोळ्याला पदर लावला. "माह्या चोरून गेला त गेला. जेवला त जेवला. पर एवढ्या तीन दिवसात त्या बाईले माही आठवन नाई झाली? विहीन म्हनून एक धोंडा बांधून धाडू नाई वाटला तिले?"

पुंजाजी निंबाच्या शेंड्याकडे पाहायला लागला.

आणि कौशीनं, जी दोन दिवसांत एवढं-तेवढंच बोलली होती, तिनं डोक्यावरचा पदर मागं सारला.

"धाडले होते, आत्याबाई. माह्या मायनं अकरा धोंडे बांधून देल्ते तुमच्यासाठी. नवं लुगडंही देत होती, ह्यायनंच नाई घेतलं. धोंडे मात्र घेतले. मांगून मलेच म्हने, घरी नेले त मायले समजन, म्हनून रस्त्यातच खाल्ले."

अनसाबाईनं लेकाकडे पाहिलं.

"अकराच्या अकरा?"

"हाव," पुंजाजी म्हणे.